चूक केव्हा कळावी

जँगोच्या सेटिंग्जमध्ये 'सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स' नावाची एक यादी असते. दुसऱ्या कोणत्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म आपल्या संकेतस्थळाने स्वीकारावेत, हे तिच्यावरून ठरते. समजा, या यादीत दोन पत्ते आहेत, दोन्ही आपापल्या ओळीवर, आणि पहिल्या ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम टाकायचा राहून गेला. पायथन तक्रार करत नाही. शेजारीशेजारी आलेल्या दोन स्ट्रिंग जोडून एक करायची, हा त्या भाषेचा नियमच आहे. त्यामुळे दोन पत्त्यांचा मिळून तिसराच, कुठेही अस्तित्वात नसलेला पत्ता तयार होतो. जँगो या यादीची स्वतःही एक तपासणी करते, पण प्रत्येक पत्त्यात '://' हा भाग आहे ना, एवढेच ती पाहते. जोडून झालेल्या पत्त्यात तो भाग आहेच, उलट दोनदा आहे. तपासणी बिनबोभाट पार पडते. सर्व्हर सुरू होतो, पाने उघडतात, सगळे सुरळीत दिसते. मग कोणीतरी त्या दोनपैकी एका पत्त्यावरून अर्ज भरून पाठवतो आणि त्याच्या स्क्रीनवर ४०३ येते.

ही चूक सुधारायला एक कळ दाबावी लागते. ती सापडायला किती वेळ लागेल, ते मात्र सांगता येत नाही. अर्जदार तक्रार करतो ती ग्राहक सेवेकडे. तिथे त्याला ब्राउझर कोणता, ते विचारले जाते. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर करून पाहतो तर सगळे ठीक चालते, कारण लॅपटॉपवर दुसरा पत्ता नसतोच. चूक झाली ती जागा आणि चूक दिसली ती जागा यांच्यामध्ये दिवस, माणसे आणि कोडचे अनेक थर येऊन बसतात. ही पुस्तिका त्या मधल्या काळाविषयी आहे. सेटिंग्ज माणसे लिहितात, तेव्हा त्यात चुका होणारच. त्या केव्हा कळाव्यात, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. जँगोने त्यासाठी एक साधी आणि फारशी कोणी न वापरलेली सोय ठेवली आहे. तिचे नाव 'सिस्टिम चेक'.

जँगोवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तिचे दर्शन घेतलेले असते. 'रनसर्व्हर' चालवले की सुरुवातीलाच एक ओळ येते: तपासणीत काही अडचण आढळली नाही, शून्य सूचना गप्प केल्या. रोज दिसते म्हणून ती नजरेआड होते. पण ही ओळ नेमके काय सांगते? जँगोला जे ठाऊक आहे त्यात काही वावगे नाही, एवढेच. जँगोला मॉडेल ठाऊक आहेत, त्यांच्या फील्डमधले नातेसंबंध ठाऊक आहेत, ॲडमिनची रचना, यूआरएल आणि टेम्प्लेटची मांडणी ठाऊक आहे. तुमचे दुकान पैसे कोणत्या खात्यातून घेते, ओटीपी किती वेळा चुकू द्यायचा, दिवस कोणत्या देशाच्या घड्याळाने मोजायचा, यातले तिला काही माहीत नाही. ते तुमच्या टीमला माहीत आहे, आणि बहुतेक टीममध्ये ते एकदोन जुन्या माणसांच्या डोक्यात असते. ते ज्ञान कोडमध्ये उतरवायचे आणि प्रत्येक वेळी आपोआप पडताळले जाईल अशा जागी ठेवायचे, हा स्वतःच्या तपासण्या लिहिण्यामागचा सगळा हेतू.

कॉन्फिगरेशनच्या चुका उशिरा का कळतात, याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. २०१६ साली 'ओएसडीआय' परिषदेत तिएनयिन शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर निबंध मांडला. जगभर वापरात असलेल्या मोठ्या सर्व्हर प्रणाली तपासून त्यांनी दाखवले, की अनेक सेटिंग्जची किंमत प्रोग्रॅम सुरू होताना तपासलीच जात नाही. ती पहिल्यांदा वापरली जाते तेव्हाच तिचा कस लागतो. आणि बिघाड सावरण्यासाठी ठेवलेल्या सेटिंग्ज तर मुख्य यंत्रणा कोलमडल्यावरच वापरात येतात. म्हणजे सर्वांत जास्त गरज असते त्या क्षणी त्यांच्यातली चूक उघडी पडते. अशा चुकांना त्यांनी 'सुप्त' म्हटले आणि त्या आधीच हुडकणारे एक साधनही तयार केले. सेटिंग जिथे वापरली जाते तो कोडचा तुकडा शोधायचा आणि त्यावरून सुरुवातीलाच चालवता येईल अशी तपासणी आपोआप बनवायची, अशी त्याची कल्पना होती.

आपल्याकडच्या सोयाबीन उत्पादकाला यात नवे वाटणार नाही. घरचे बियाणे पेरण्याआधी तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतो. बियाणे खराब आहे, हे शेतातही कळतेच; पण तेव्हा पाऊस, मजुरी आणि हंगाम हातून गेलेला असतो. माहिती तीच, फक्त ती मिळण्याची वेळ वेगळी, आणि सगळा फरक त्या वेळेनेच पडतो.

जँगोच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार का होतो, ते कळण्यासाठी तिचा जन्म पाहावा लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेब विभागात ॲड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ च्या सुमारास हे काम सुरू केले. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. नाव ठेवले ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. बातमीच्या कचेरीत नवे पान काही तासांत उभे करावे लागते, म्हणून या फ्रेमवर्कने वेगाला आणि मोकळीकीला महत्त्व दिले. सेटिंग्जची फाइलसुद्धा तिने वेगळ्या कुठल्या स्वरूपात न ठेवता साधे पायथन मॉड्यूल म्हणूनच ठेवली. मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिलेले प्रत्येक नाव म्हणजे एक सेटिंग. तिथे हवे ते लिहा, गणित करा, दुसरी फाइल आयात करा, वातावरणातून किंमत उचला. कोणती नावे चालतील, त्यांचा प्रकार काय असावा, याचा सक्तीचा आराखडा नाही. काही थोड्या सेटिंग्ज यादीच्या स्वरूपात आहेत ना, एवढे जँगो सुरुवातीला पाहते आणि नसतील तर थांबते. बाकी मैदान मोकळे.

त्या मोकळेपणाच्या खुणा आजही सापडतात. सेटिंग्जमधून 'टाइम_झोन'ची ओळच काढून टाकली तर जँगो 'अमेरिका/शिकागो' धरून चालते. पहिल्या आवृत्तीत ते होते आणि जुने प्रकल्प मोडू नयेत म्हणून आजवर तसेच ठेवले आहे. नवा प्रकल्प सुरू केला की त्याच्या फाइलमध्ये 'यूटीसी' लिहून येते. भारतात चालणाऱ्या संकेतस्थळासाठी ही दोन्ही उत्तरे बहुधा चूकच असतात, आणि ती चूक किती शहाणपणे लपून राहते ते पाहण्यासारखे आहे. आपले घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. सकाळी साडेपाच ते मध्यरात्रीपर्यंत दोन्हींची तारीख एकच असते. म्हणजे ऑफिसच्या वेळेत कोणी कितीही तपासले तरी 'आजची तारीख' बरोबरच येणार. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळात सर्व्हर कालच्या दिवसात असतो. १ एप्रिलला पहाटे दोनला केलेल्या खरेदीवर त्यामुळे ३१ मार्च ही तारीख पडते, आणि बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते. हिशेबनीसाला ते कळेल तेव्हा कळेल. 'टाइम_झोन'ची किंमत 'एशिया/कोलकाता' आहे का आणि 'यूज_टीझेड' सुरू आहे का, हे विचारणारी तपासणी चार ओळींची असते.

दुसरी अडचण २०११ नंतर वाढली. त्या वर्षी हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' ही तत्त्वे मांडली आणि कॉन्फिगरेशन कोडमध्ये न ठेवता वातावरणातल्या चलांमध्ये ठेवण्याची रीत रूढ झाली. रीत चांगलीच आहे. गुपिते रिपॉझिटरीत जात नाहीत, एकच कोड चाचणीच्या आणि खऱ्या सर्व्हरवर चालतो. पण वातावरणातून येणारी प्रत्येक किंमत ही स्ट्रिंग असते, आणि पायथनच्या दृष्टीने रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरी. 'डीबग' बंद ठेवण्यासाठी कोणी 'फॉल्स' असे लिहिले आणि ते 'बूल'मधून काढले, तर उत्तर 'ट्रू' येते. खोटे म्हणून लिहिलेला शब्द खरा ठरतो आणि चूक झाल्यावर दिसणाऱ्या तपशीलवार पानावर आतले मार्ग आणि चलांच्या किमती वाटेल त्याला वाचायला मिळतात.

तपासणीची यंत्रणा आज आहे त्या रूपात एकदम आली नाही. आरंभी फक्त 'व्हॅलिडेट' नावाची कमांड होती आणि ती मॉडेलपुरती पाहायची. १.६ मध्ये 'चेक' ही कमांड आली. नव्या आवृत्तीशी जुळते की नाही, एवढे ती सांगे. ख्रिस्तोफर मेद्रेला यांनी २०१३ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये या दोहोंच्या जागी नवी, कोणालाही भर घालता येईल अशी रचना उभी केली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या १.७ मध्ये ती सामील झाली. पुढच्याच वर्षी, १.८ मध्ये, कार्ल मायर यांच्या 'जँगो-सिक्युअर' या स्वतंत्र पॅकेजमधल्या सुरक्षेच्या तपासण्या मूळ फ्रेमवर्कमध्ये घेतल्या गेल्या आणि 'चेक'ला 'डिप्लॉय' हा पर्याय मिळाला. या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट अशी, की जँगोच्या स्वतःच्या तपासण्या आणि तुम्ही लिहिलेली तपासणी या एकाच नोंदवहीत, एकाच रीतीने नोंदल्या जातात. जँगोने स्वतःसाठी खास वाट ठेवलेली नाही.

ही रीत सोपी आहे. तपासणी म्हणजे एक फंक्शन. त्याने नावानिशी येणारे कोणतेही आर्ग्युमेंट स्वीकारावे आणि एक यादी परत द्यावी. काही खुपले नाही तर रिकामी यादी, खुपले तर त्यात संदेश. त्या फंक्शनवर 'रजिस्टर' हा डेकोरेटर लावायचा, हवा तर त्यात टॅग द्यायचा, म्हणजे पुढे फक्त सुरक्षेच्या किंवा फक्त पैशांच्या तपासण्या चालवता येतात. संदेशाच्या पाच पायऱ्या आहेत: डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर आणि क्रिटिकल. शेवटच्या दोन आल्या तर पुढचे काम थांबते. प्रत्येक संदेशात चार गोष्टी ठेवता येतात: काय चुकले, ते कसे सुधारावे याचा इशारा, ज्या वस्तूत चूक आहे ती वस्तू, आणि एक ओळखक्रमांक. मॉडेल, फील्ड किंवा मॅनेजर यांच्यापुरती तपासणी असेल तर वेगळे फंक्शन लागत नाही. त्यांच्यातली 'चेक' ही मेथड विस्तारली की झाले.

ही फंक्शन्स सहसा ॲपमधल्या 'चेक्स' नावाच्या फाइलमध्ये ठेवतात आणि ॲपकॉन्फिगच्या 'रेडी' मेथडमध्ये ती फाइल आयात करतात. इथे एक बारीक खाच आहे. ती आयात केलेली फाइल पुढे कुठेच वापरलेली दिसत नाही, म्हणून लिंटर तिला निरुपयोगी ठरवतो. कोणीतरी नीटनेटका सहकारी एक दिवस ती ओळ पुसतो. कोड चालतो, टेस्ट पास होतात, फक्त सगळ्या तपासण्या नाहीशा होतात, आणि सुरुवातीची ओळ पूर्वीसारखीच 'अडचण नाही' सांगत राहते. म्हणून आपल्या तपासण्या नोंदवहीत आहेत की नाहीत, हे पाहणारी एक छोटी टेस्ट लिहून ठेवावी. तपासणाऱ्यालाही तपासावे लागते.

आता खरी गंमत: काय तपासावे? पुस्तिकेचा मोठा भाग याच प्रश्नावर आहे. इथे तीन उदाहरणे देतो, म्हणजे विचाराची दिशा कळेल.

पहिले पैशांचे. रेझरपेच्या किल्ल्या दोन प्रकारच्या असतात. चाचणीची किल्ली 'आरझेडपी_टेस्ट_' ने सुरू होते, खरी 'आरझेडपी_लाइव्ह_' ने. चाचणीच्या किल्लीवर व्यवहार यशस्वी झाल्याचे दिसते, पण पैसा हलत नाही. ती किल्ली चुकून खऱ्या सर्व्हरवर गेली तर ऑर्डर 'पैसे मिळाले' म्हणून नोंदली जाते, माल रवाना होतो, आणि महिन्याचा ताळमेळ लावेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने इथे काहीच मोडलेले नाही. म्हणूनच एरर पकडणारी कोणतीही यंत्रणा इथे उपयोगी पडत नाही. किल्लीची सुरुवात पाहणारी दोन ओळींची तपासणी मात्र उपयोगी पडते.

दुसरे कॅशचे. कॅशविषयी काही लिहिले नाही तर जँगो 'लोकमेम' वापरते. ही कॅश त्या त्या प्रोसेसच्या मेमरीत असते. लॅपटॉपवर एकच प्रोसेस, त्यामुळे सगळे बरोबर. खऱ्या सर्व्हरवर गनिकॉर्नचे चार वर्कर चालतात आणि प्रत्येकाची कॅश वेगळी. ओटीपी पाच वेळा चुकला की खाते अडवायचे, हा हिशेब तुम्ही कॅशमध्ये ठेवला असेल, तर प्रत्येक वर्कर आपापले पाच मोजतो आणि चोराला वीसपर्यंत प्रयत्न मिळू शकतात. 'लोकमेम' वाईट नाही, इतर अनेक कामांना ती पुरते. चूक आहे ती 'लोकमेम' आणि 'कॅशवर बेतलेली मर्यादा' या दोन्ही गोष्टी एकत्र येण्यात. दोन सेटिंग्जमधला असा विसंवाद फ्रेमवर्कला सापडणे कठीण, कारण दुसरी सेटिंग तुमची आहे.

तिसरे नावातल्या चुकीचे. सहकारी पतसंस्थेच्या शाखेत एका संगणकावर तीन कर्मचारी आळीपाळीने बसतात, म्हणून सेशन अर्ध्या तासात संपावे असे ठरले. डेव्हलपरने 'सेशन_कुकी_एज' ऐवजी 'सेशन_कुकीज_एज' असे लिहिले. जँगोला हे नाव माहीत नाही, पण अनोळखी नावावर ती हरकतही घेत नाही. ते तुमच्या एखाद्या ॲपचे असू शकते. मूळ सेटिंग आपल्या ठरलेल्या किमतीवर, म्हणजे दोन आठवड्यांवर राहते. यावरचा उपाय मला विशेष आवडतो. जँगोच्या ठरलेल्या सेटिंग्जची सगळी नावे 'ग्लोबल_सेटिंग्ज' या मॉड्यूलमध्ये असतात, आणि पायथनच्या 'डिफलिब'मध्ये जवळजवळ सारखे शब्द शोधणारे फंक्शन तयारच आहे. आपल्या फाइलमधले प्रत्येक नाव घ्यावे, ते जँगोच्या यादीत नसेल पण तिथल्या एखाद्या नावाच्या अगदी जवळ जात असेल, तर वॉर्निंग द्यावी. जवळिकीची मर्यादा मात्र कडक ठेवावी, नाहीतर इतर पॅकेजच्या प्रामाणिक सेटिंग्जवरही संशय घेतला जाईल.

सुरुवातीचा स्वल्पविरामही याच वाटेने सापडतो. यादीतल्या प्रत्येक पत्त्यात '://' एकदाच यावे, एवढे मोजले की पुरे. या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. सर्व्हर सुरूच होऊ न देणारी चूक आपण होऊन ओरडते. तिच्यासाठी तपासणीची फारशी गरज नसते. तपासणी लिहायची ती गप्प बसणाऱ्या चुकीसाठी.

मग तपासणी लिहिली म्हणजे काम झाले का? इथे बऱ्याच जणांची गफलत होते. 'रनसर्व्हर', 'मायग्रेट' आणि मॅनेजमेंटच्या बहुतेक कमांड आधी तपासण्या चालवतात, टेस्ट चालवतानाही त्या चालतात. म्हणून आपण असे धरून चालतो की त्या नेहमीच चालत असतील. खऱ्या सर्व्हरवर गनिकॉर्नसारखा प्रोग्रॅम डब्ल्यूएसजीआयमार्फत ॲप थेट उचलतो, आणि त्या वाटेवर वेगाच्या कारणास्तव एकही तपासणी चालत नाही. तुमची 'क्रिटिकल' तपासणी तिथे कोणालाही अडवणार नाही. तिला बोलावून घ्यावे लागते. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये, जुना सर्व्हर बाजूला होण्याआधी, 'चेक' ही कमांड 'डिप्लॉय' पर्यायासह आणि खऱ्या सर्व्हरच्याच सेटिंग्जवर चालवली पाहिजे. लॅपटॉपच्या सेटिंग्जवर ती चालवली तर 'डीबग सुरू आहे', 'कुकी सुरक्षित नाही' अशा तिथे गैरलागू सूचनांचा ढीग पडतो आणि माणूस तिच्याकडे पाहणे सोडून देतो. 'फेल-लेव्हल' वॉर्निंगवर आणला तर वॉर्निंग आली तरी कमांड अपयशाचा कोड देते आणि डिप्लॉय तिथेच थांबते. ज्या तपासण्यांना फक्त खऱ्या सर्व्हरवर अर्थ आहे, जशी किल्लीची तपासणी, त्या नोंदतानाच 'डिप्लॉय' अशी खूण करून ठेवाव्यात. मग त्या रोजच्या कामात लुडबुड करत नाहीत.

डेटाबेसच्या तपासण्यांची आणखी वेगळी तऱ्हा आहे. त्या डेटाबेसशी बोलतात, म्हणून 'मायग्रेट' करताना किंवा डेटाबेसचे नाव देऊन मुद्दाम सांगितले तरच चालतात. मायएसक्यूएलचा 'स्ट्रिक्ट मोड' बंद असल्याची सूचना याच प्रकारातली. तो बंद असला तर रकान्यात न मावणारा मजकूर डेटाबेस एरर न देता कापून साठवतो. संस्थेचे लांबलचक नाव अर्धवट साठले गेल्याचे मग प्रमाणपत्र छापल्यावर कळते.

एवढे सगळे सांगितल्यावर तपासण्यांचा अतिरेक करू नये, हेही सांगितले पाहिजे. 'रनसर्व्हर' प्रत्येक वेळी फाइल सेव्ह केली की पुन्हा सुरू होतो आणि तपासण्याही पुन्हा चालतात. त्यांत कोणी बाहेरच्या सेवेला हाक मारली, की सगळ्या टीमची प्रत्येक सेव्ह सेकंदभर रेंगाळते, आणि ती सेवा बंद असली तर 'मायग्रेट'सुद्धा अडून बसते. तपासणीने हातात असलेली माहिती वाचावी. बाहेरच्या जगाची विचारपूस करण्यासाठी देखरेखीची वेगळी साधने आहेत. संदेशात गुपित छापू नये. किल्ली चुकीची आहे असे सांगताना सगळी किल्ली दाखवणारी तपासणी स्वतःच गळती ठरते, कारण डिप्लॉयचे लॉग बरीच माणसे पाहतात. 'असर्ट'वर विसंबू नये, कारण पायथन 'ओ' पर्यायाने चालवला की सगळे 'असर्ट' गळून पडतात. आणि एखादी सेटिंग नसेल तर ॲप पुढे एक पाऊलही टाकू शकत नसेल, तर तपासणीची वाट न पाहता तिथेच 'इम्प्रॉपर्ली कॉन्फिगर्ड' हा अपवाद उभा करावा. तो कोणत्याही वाटेने सर्व्हर सुरू केला तरी आडवा येतो.

सर्वांत मोठा धोका गोंगाटाचा. २०२१ मध्ये ३.२ आली, तेव्हा प्राथमिक किल्लीचा प्रकार स्पष्ट न लिहिलेल्या प्रत्येक मॉडेलमागे एक वॉर्निंग येऊ लागली. सूचना योग्य होती, पण जुन्या मोठ्या प्रकल्पांत तिच्या शेकड्याने ओळी आल्या, आणि त्या गर्दीत एखादी महत्त्वाची सूचना सहज हरवली असती. जँगोने 'सायलेन्स्ड_सिस्टिम_चेक्स' ही यादी याचसाठी दिली आहे. तिच्यात ओळखक्रमांक लिहिला की ती सूचना गप्प होते. हा पर्याय वापरण्यात कमीपणा नाही, फक्त शेजारी कारण लिहावे: का गप्प केली, कोणी ठरवले, पुन्हा कधी पाहायचे. ओळखक्रमांकाची शिस्तही त्यामुळेच लागते. 'पेमेंट्स.ई००१' हा क्रमांक एकदा दिला की ती तपासणी काढून टाकली तरी तो दुसरीला देऊ नये. जँगोच्या कागदपत्रांत काढून टाकलेल्या तपासण्यांचे क्रमांकही जपून ठेवलेले दिसतात. नाहीतर जुन्या यादीत गप्प केलेला क्रमांक उद्या भलत्याच तपासणीचे तोंड बंद करेल.

संदेश लिहिणे हीही एक कला आहे, आणि पुस्तिकेत तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ज्याने तपासणी लिहिली तो बहुधा ती वाचत नाही. वाचतो तो दोन वर्षांनी आलेला नवा माणूस, किंवा रात्री डिप्लॉय अडल्यामुळे घाईत असलेला सहकारी. 'कॅश सेटिंग चुकीची आहे' हे त्याला पुरत नाही. 'ओटीपीची मर्यादा कॅशवर चालते. लोकमेम प्रत्येक वर्करसाठी वेगळी असल्याने मर्यादा फुटते. रेडिस किंवा मेमकॅश्ड वापरा' हे वाक्य त्याला कारणासकट वाट दाखवते. टीम मराठी असेल तर इशारा मराठीत लिहायला पायथनची आडकाठी नाही. कोड इंग्रजीतच वाचणाऱ्यांनाही अडचणीच्या वेळी आपल्या भाषेतले स्पष्ट वाक्य लवकर उमगते. इतर भाषकही त्या कोडवर काम करणार असतील तर अर्थातच त्यांचा विचार आधी.

पुस्तिकेची मांडणी आता सांगतो. पहिल्या भागात यंत्रणा आहे: नोंदणी, टॅग, पायऱ्या, मॉडेल आणि फील्डवरच्या तपासण्या. ज्यांनी जँगोचे एखादे छोटे ॲप केले आहे त्यांना तो अडणार नाही. ज्यांनी केलेच नाही त्यांनी आधी ते करावे. दुसरा भाग उदाहरणांचा. पैसे, वेळ, कॅश, ईमेल, फाइल साठवण आणि नावातल्या चुका असे त्याचे गट केले आहेत. तिसऱ्या भागात तपासण्यांच्या टेस्ट आणि डिप्लॉयमधली त्यांची जागा. टेस्ट लिहिणे इथे विशेष सोपे आहे, कारण तपासणी हे साधे फंक्शन असते. 'ओव्हरराइड_सेटिंग्ज'ने सेटिंग बदलायची, फंक्शन हाक मारून चालवायचे आणि परत आलेली यादी अपेक्षित यादीशी ताडून पाहायची. चुकीच्या सेटिंगवर तपासणी बोलते आणि योग्य सेटिंगवर गप्प बसते, अशा दोन्ही टेस्ट असाव्यात. दुसरी लिहायला लोक विसरतात, आणि गोंगाटाची सुरुवात तिथून होते.

कुठून सुरुवात करावी, असे विचाराल तर पुस्तिकेतली उदाहरणे उतरवून घेऊ नका. तुमच्या टीममध्ये सेटिंग्जमुळे झालेल्या शेवटच्या बिघाडाची नोंद काढा. तो दुरुस्त झाल्यावर कोणीतरी 'पुढच्या वेळी लक्षात ठेवू' असे म्हटले असेल. जे लक्षात ठेवायचे होते ते एका वाक्यात लिहा, त्या वाक्याचे फंक्शन करा, त्याला क्रमांक द्या आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये 'चेक'ची ओळ घाला. दुसरी तपासणी पुढच्या बिघाडानंतर. वर्षभरात दहाबारा होतील, आणि त्या वाचल्या की नव्या माणसाला ही प्रणाली कुठे कुठे ठेचकाळली आहे ते कळेल. एवढी माहिती कोणत्याही टीमच्या कागदपत्रांत सहसा सापडत नाही, आणि सापडली तरी डिप्लॉयच्या आधी ती कोणी वाचत नाही. तपासणी मात्र दर वेळी वाचते.